कंपायलर इष्टतमीकरण पर्याय (मोबाइल अ‍ॅप)

कंपायलर इष्टतमीकरण पर्याय म्हणजे सोर्स कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करताना कंपायलरने (संकलकाने) वेग, आकार व रूपांतराला लागणारा काळ यांपैकी कशाला प्राधान्य द्यावे हे ठरवणाऱ्या सूचना होत. मोबाइल अ‍ॅपसाठी ही निवड मोठ्या संगणकापेक्षा वेगळी ठरते. फोनची साठवण, स्मृती व बॅटरी मर्यादित असते आणि एकच अ‍ॅप अत्यंत भिन्न क्षमतेच्या फोनांवर चालावे लागते. महाराष्ट्र शासनाच्या ई-पीक पाहणी उपक्रमात १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या फोनवरून पिकाचे छायाचित्र काढून सातबाऱ्यासाठी नोंद करतात. पुणे जिल्ह्यातील राहू बेटासारख्या ऊसपट्ट्यात अशा कामासाठी हाती असेल तोच फोन घेऊन शेतकरी बांधावर जातो. तेथे अ‍ॅपचा आकार आणि ते उघडायला लागणारा वेळ यांनाच महत्त्व येते. एखाद्या गणिताचा वेग किंचित वाढला, तरी त्याला त्याचा लाभ जाणवत नाही.

पार्श्वभूमी

इष्टतमीकरणाच्या अभ्यासात मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा (आयआयटी मुंबई) वाटा लक्षणीय आहे. एकच गणित प्रोग्रॅमच्या काही वाटांवर पुन्हा पुन्हा होत असेल, तर ते योग्य जागी हलवून पुनरुक्ती टाळण्याची पद्धत मोरेल व रेनव्हॉझ यांनी १९७९ साली मांडली. संस्थेतील धनंजय ढमढेरे यांनी १९९१ साली तिचे अधिक व्यवहार्य रूप प्रसिद्ध केले. आंशिक पुनरुक्ती निर्मूलन या नावाने ओळखली जाणारी ही प्रक्रिया जीसीसी कंपायलरमध्ये ‘-ओ२’ पातळीपासून आपोआप लागू होते. त्याच संस्थेतील उदय खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांचा डेटा फ्लो विश्लेषणावरील इंग्रजी ग्रंथ २००९ साली प्रकाशित झाला.

आजच्या मोबाइल अ‍ॅपशी अधिक थेट संबंध एलएलव्हीएम प्रकल्पाचा आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २००० साली सुरू झालेल्या या प्रकल्पाचे प्रवर्तक ख्रिस लॅटनर आणि आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी विक्रम अडवे होत. अ‍ॅपलची विकसन साधने व अँड्रॉइडचा एनडीके हे दोन्ही एलएलव्हीएमवर आधारलेला क्लँग कंपायलर वापरतात. एनडीकेमधून जीसीसी २०१८ साली वगळण्यात आला.

पातळ्या

या पर्यायांची नावे उणे चिन्ह व इंग्रजी ‘ओ’ या अक्षराने सुरू होतात. ‘-ओ०’ मध्ये इष्टतमीकरण जवळजवळ होत नाही. ती पातळी दोष शोधण्यासाठी असते आणि तिच्यावर घेतलेले वेगाचे मोजमाप निरर्थक ठरते. ‘-ओ२’ ही सर्वसाधारण पातळी आहे. ‘-ओ३’ मध्ये फंक्शनचा मजकूर कॉलच्या जागीच घालणे, आवर्तने उलगडणे असे उपाय अधिक आक्रमकपणे वापरले जातात. त्यामुळे कोड फुगतो, आणि प्रोसेसरच्या छोट्या कॅशमध्ये तो मावला नाही तर अ‍ॅप उलट मंदावू शकते. मोठा आकडा म्हणजे वेगवान अ‍ॅप, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

‘-ओएस’ ही पातळी आकार वाढवणारे उपाय टाळते, तर ‘-ओझेड’ आकारासाठी वेगाचाही काहीसा त्याग करते. एक्सकोडमध्ये सी व ऑब्जेक्टिव्ह-सी भाषांतील अंतिम आवृत्तीसाठी ‘-ओएस’ हाच मूळ पर्याय असतो. स्विफ्ट भाषेत आकाराला प्राधान्य देणारा ‘-ओसाइझ’ हा पर्याय २०१८ साली ४.१ आवृत्तीत आला. उबरच्या अभियंत्यांनी २०२१ साली मांडलेल्या शोधनिबंधानुसार, यंत्रभाषेतील पुनरावृत्त तुकडे एकत्र करून त्यांनी प्रवाशांच्या आयफोन अ‍ॅपमधील कोड सुमारे २३ टक्क्यांनी लहान केला.

अँड्रॉइडमधील दुहेरी रचना

येथे बराच गोंधळ होतो. वरील पर्याय फक्त सी व सी++ मधील भागाला लागू पडतात. जावा किंवा कॉटलिनमधील कोड आधी बाइटकोड बनतो आणि त्याचे यंत्रभाषेत रूपांतर वापरकर्त्याच्या फोनवरच होते. अँड्रॉइड ५.० (२०१४) पासून एआरटी ही प्रणाली हे काम अ‍ॅप बसवतानाच करीत असे. त्यात वेळ व साठवण दोन्ही खर्च होत. अँड्रॉइड ७.० (२०१६) पासून वापरात वारंवार येणारे भागच निवडून रूपांतरित केले जाऊ लागले. कोणते भाग आधी रूपांतरित करावेत याची यादी विकसक अ‍ॅपसोबतच देऊ शकतो. तिला बेसलाइन प्रोफाइल म्हणतात. पहिल्यांदा अ‍ॅप उघडताना होणारा विलंब तिच्यामुळे कमी होतो. अनावश्यक बाइटकोड छाटण्याचे काम आर८ हे साधन करते. नावावरून चालताना शोधले जाणारे वर्ग त्याला वापरात नसलेले वाटू शकतात. ते जपण्याचे नियम लिहिले नसतील, तर चाचणीत चालणारे अ‍ॅप अंतिम आवृत्तीत बंद पडते.

निवड व धोके

सर्व फायलींना एकच पातळी लावण्याची गरज नसते. छायाचित्र लहान करण्यासारखे जड गणित असलेल्या मोजक्या फायलींना ‘-ओ२’ किंवा ‘-ओ३’ आणि उर्वरित कोडला ‘-ओएस’ अथवा ‘-ओझेड’ ही विभागणी बहुधा अधिक शहाणपणाची असते. लिंक करताना संपूर्ण प्रोग्रॅम एकत्र तपासणारे इष्टतमीकरण (एलटीओ) न वापरलेली फंक्शने वगळू शकते. निर्णय मात्र मोजमापावरच सोडावा लागतो, आणि ते विकसकाच्या महागड्या फोनवर नव्हे, तर अपेक्षित वापरकर्त्यांपैकी सर्वांत कमकुवत फोनवर, अंतिम आवृत्तीवर व अनेकदा घ्यावे लागते. फोन तापला की प्रोसेसर आपला वेग उतरवतो, म्हणून एकाच फेरीचे आकडे फसवे असतात.

‘फास्ट-मॅथ’ हा पर्याय विशेष जपून वापरावा लागतो. त्यात दशांश गणितात अवैध संख्या कधीच येणार नाही असे कंपायलर गृहीत धरतो व ती ओळखणारी तपासणी काढून टाकू शकतो. स्थान न मिळाल्याची खूण म्हणून अशी अवैध संख्या वापरणाऱ्या अ‍ॅपमध्ये, जीपीएस संकेत नसतानाही चुकीचे अंतर किंवा क्षेत्र विनातक्रार नोंदले जाण्याचा धोका त्यातून निर्माण होतो. चिन्हांकित पूर्णांकाची मर्यादा ओलांडली जाण्यावर विसंबलेला सी कोडही असाच ‘-ओ०’ वर नीट चालतो आणि ‘-ओ२’ वर बिघडतो. अशा वेळी दोष कंपायलरच्या माथी मारला जातो; प्रत्यक्षात भाषेच्या प्रमाणानुसार त्या कोडला निश्चित अर्थच नसतो. क्लँगमधील अनिश्चित वर्तन शोधणारी तपासणी चालू करून चाचणी घेतल्यास असे बरेच दोष आधीच सापडतात.