हांक मारण्याजोगें नांव

मागें एकदां आमच्या शेजारच्या घरीं कुत्र्याचें एक पिल्लू आलें आणि त्याच्याबरोबर एक वादहि आला. घरांतील आजींचें म्हणणें, नांव मोत्याच असावें. मुलांना कांहीं तरी नवें हवें होतें. आणि गृहिणीबाईंची अट अशी कीं, नांव जुनें, घरंदाज असावें, पण तें नराचें कीं मादीचें हें त्यावरून कळूं नये. माणसांच्या नांवांत तो भेद आहेच, मुक्या जनावराच्या गळ्यांत तो कशाला बांधावयाचा, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. मीं आयुष्यभर इतिहास शिकविला, म्हणून हा तंटा तोडण्यासाठीं माझ्याकडे आला.

मला त्या अटीचें हसूं आलें नाहीं. माझ्या लहानपणीं आमच्या घरीं एक मोत्या होता. वर्षभर तो ‘होता’. मग एका पावसाळ्यांत जिन्याखालीं त्याला पांच पिल्लें झालीं. वडिलांनीं नांव बदलून ‘मोती’ करून पाहिलें, पण त्या हांकेला तिनें कानसुद्धां हलविला नाहीं. अखेर ‘मोत्या व्याली’ असें व्याकरणाला न जुमानणारें वाक्य आमच्या घरांत रूढ झालें. मोत्या, वाघ्या, टिप्या, खंड्या, हीं आपलीं परंपरागत नांवें पाहा. शेवटचा तो ‘या’ नराची ग्वाही देऊनच तोंडाबाहेर पडतो. साताऱ्याजवळ संगम माहुलीस शाहू महाराजांच्या आवडत्या कुत्र्याची म्हणून जी समाधि दाखवितात, त्याचेंहि नांव परंपरा खंड्या असेंच सांगते. गंमत अशी कीं, ज्या भाषेला ‘कुत्रें’ आणि ‘पिल्लू’ असे सोयीचे नपुंसकलिंगी शब्द आहेत, तिनें नांव ठेवतांना मात्र ती सोय वापरली नाहीं.

ती सोय कोणी वापरली, याचा शोध घेतां घेतां मी फार दूर, ग्रीस देशांत, जाऊन पोंचलों. इ. स. पूर्वीच्या चौथ्या शतकांतला झेनोफन आपणांस सॉक्रेटिसाचा शिष्य आणि दहा हजारांच्या माघारीचा इतिहासकार म्हणून माहीत आहे. अथेन्समधून हद्दपार झाल्यावर ऑलिंपियाजवळ स्किलस येथें तो जमीनजुमला करून राहिला आणि तेथें त्यानें शिकारीचा षोक मनसोक्त पुरविला. शिकारी कुत्र्यांवर एक छोटासा ग्रंथ त्याच्या नांवावर आहे. तो त्याचाच कीं काय याविषयीं विद्वानांत वाद झाला आहे. आपल्या प्रश्नापुरता तो बाजूला ठेवूं. या ग्रंथाच्या सातव्या प्रकरणांत तो म्हणतो कीं, पिल्लांना आंखूड नांवें ठेवावीं, म्हणजे हांक मारणें सोपें जातें. आणि एवढें सांगून तो ४७ नांवांची यादीच पुढें ठेवतो.

ही यादी मोठी वाचनीय आहे. तींत प्स्यूखे म्हणजे आत्मा आहे, थूमॉस म्हणजे मनाचा जोम आहे. फ्यूलॅक्स म्हणजे पहारेकरी, लाँखे म्हणजे भाला, टॅक्सिस म्हणजे पलटणीची शिस्त. येथें जुना सेनापति लपत नाहीं. हेबे म्हणजे तारुण्य, खारा म्हणजे आनंद, आक्टिस म्हणजे किरण. क्राउगे म्हणजे आरडाओरड, आणि ह्यूब्रिस म्हणजे उर्मटपणा. हीं दोन नांवें अनुभवावांचून सुचलीं नसावींत. सगळ्यांत शेवटीं होर्मे, म्हणजे आवेग, झेप.

आतां पाहा, ग्रीक भाषेंत मराठीसारखींच तीन लिंगें आहेत. या यादींतील थूमॉस पुल्लिंगी, प्स्यूखे स्त्रीलिंगी. दोन्हीं एकाच रांगेंत बसलीं आहेत. कोणतें नराला ठेवावें आणि कोणतें मादीला, हें झेनोफन सांगतच नाहीं. कारण तीं मुळांत कुणा स्त्रीचीं वा पुरुषाचीं नांवेंच नव्हेत. तीं गुणांचीं, शस्त्रांचीं आणि वृत्तींचीं नांवें आहेत. आपल्याकडे ‘धीर’ पुल्लिंगी, ‘झेप’ स्त्रीलिंगी आणि ‘तेज’ नपुंसकलिंगी. म्हणून धीर पुरुषालाच असतो असें कोणी म्हणत नाहीं. व्याकरणाचें लिंग शब्दाला असतें, प्राण्याला नव्हे. बरें, ग्रीक भाषेंत कुत्र्याला जो ‘क्यूऑन’ शब्द आहे, तोहि नर-मादी दोघांना चालतो.

झेनोफनचें लक्ष होतें तें हांकेकडे. ससा उठला, कुत्रीं रानांत पांगलीं, कीं शिकाऱ्यानें त्यांना नांवानिशीं हांका माराव्यात. कधीं चढ्या आवाजांत, कधीं खालच्या, कधीं हळू, कधीं जोरानें, असें तो बजावतो. नांव म्हणजे त्याच्या लेखीं धापा टाकीत धांवणाऱ्या माणसाच्या गळ्यांतून निघूं शकेल असें एक हत्यार होतें.

पुढें रोमन अमदानींत, इ. स. च्या पहिल्या शतकांत, कोलुमेल्ला यानें शेतीवर ग्रंथ लिहिला. तो कॅडिझचा, शेताची राखण करणारीं कुत्रीं हा त्याचा विषय. त्याचाहि सल्ला तसाच : नांव फार लांब नको, पण दोन अक्षरांहून आंखूडहि नको. एवढें ठीक झालें. पण लगेच तो दोन रकाने पाडतो. नरांसाठीं फेरॉक्स, केलेर वगैरे. माद्यांसाठीं लूपा, केर्वा, टिग्रिस, आणि ग्रीकांपैकीं स्पूडे, आल्के, रोमे. हीं शेवटचीं तिन्हीं झेनोफनच्या यादींत आहेत! उत्साह, पराक्रम आणि बळ असे त्यांचे अर्थ. शब्द स्त्रीलिंगी म्हणून रोमन शेतकऱ्यानें तीं कुत्रींच्या दाव्याला बांधून टाकलीं. माझ्या मतें हा व्यवस्थितपणा झाला, सुधारणा नव्हे.

यादींतल्या त्या शेवटच्या नांवाकडे पुन्हां वळूं. तें झेनोफननें काढलेलें नव्हे, असें मानण्यास जागा आहे. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांत ‘फ्रान्स्वा कलश’ या नांवानें प्रसिद्ध असलेलें, इ. स. पूर्वी ५७० च्या सुमाराचें, एक चित्रित मृत्पात्र आहे. त्यावर कॅलिडोनच्या रानडुकराच्या शिकारीचा देखावा असून वीरांबरोबर कुत्र्यांचींहि नांवें लिहिलेलीं आहेत. त्यांतल्या एका कुत्र्याचें नांव ‘होर्मेनॉस’. धातु तोच, रूप मात्र पुल्लिंगी. म्हणजे झेनोफनच्या आधीं दोनशें वर्षें ग्रीक शिकारी हाच शब्द कुत्र्यांना लावीत होते.

आणि येथें आपल्याकडे एक वाट फुटते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत, १०८ व्या सूक्तांत, इंद्राची दूती सरमा पणींच्या दारांत उभी राहून त्यांच्याशीं बेधडक बोलते. परंपरेनें ती देवशुनी, देवांची कुत्री. तिच्या नांवाची व्युत्पत्ति यास्कानें ‘सृ’ म्हणजे सरणें, धांवणें या धातूवरून लावली आहे. कांहीं व्युत्पत्तिकार ग्रीक ‘होर्मे’ शब्दाचें नातें याच धातूशीं जोडतात. ग्रीकांत मुळच्या ‘स’चा ‘ह’ होतो, हें आपणांस सप्त आणि हेप्टा यांवरून ठाऊक आहेच. हें नातें सर्वमान्य नाहीं, म्हणून त्यावर मी इमारत उभारणार नाहीं. एवढें खरें कीं, दोन्हीं ठिकाणीं माणसाला कुत्र्याची धांव दिसली आणि तिचेंच नांव झालें. उलट महाभारतांत युधिष्ठिराबरोबर हिमालय चढून गेलेलें आणि ज्याच्यासाठीं त्यानें स्वर्गाचें दार नाकारलें, तें कुत्रें निनांवीच राहिलें.

होर्मे मात्र निनांवी राहिली नाहीं. इ. स. च्या दुसऱ्या शतकांतला एरियन आपल्याकडे अलेक्झांडरच्या स्वारीचा आणि ‘इंडिके’ या हिंदुस्थानविषयक ग्रंथाचा कर्ता म्हणून परिचित आहे. हेड्रियन बादशहाच्या कारकीर्दींत हा कॅपाडोशियाचा सुभेदार होता. झेनोफनची त्याला एवढी भक्ति कीं, स्वतःला तो झेनोफनच म्हणवून घेई. गुरूला वेगवान केल्टिक कुत्रीं ठाऊक नव्हतीं, म्हणून ती उणीव भरून काढण्यासाठीं त्यानेंहि शिकारी कुत्र्यांवर ग्रंथ लिहिला, आणि आपल्या कुत्रीला नांव दिलें तें गुरूच्या यादीच्या तळाचें.

पांचव्या प्रकरणांत, शास्त्र सांगतां सांगतां, हा सुभेदार एकाएकीं घरच्या गोष्टी बोलूं लागतो. अत्यंत घारे डोळे. तारुण्यांत एकटी चार सशांना पुरून उरली. तो घरीं असला कीं ती त्याच्याजवळ. व्यायामशाळेंत गेला कीं तेथें बसून राही. परततांना पुढें चाले आणि तो वाट तर चुकला नाहीं ना, हें मागें वळून पाही. लहानपणीं तिला चाबकाचा मार बसला होता. त्यामुळें कोणीं चाबकाचा नुसता उल्लेख केला, तरी ती त्याच्याजवळ जाऊन दबून बसे, विनवी, तोंडाला तोंड लावी, गळ्याशीं लोंबकळे आणि राग जाईपर्यंत सोडीत नसे. हें लिहीत असतांना ती जिवंत होती. आणि म्हणून, तो म्हणतो, तिचें नांव लिहून ठेवण्यास मला संकोच वाटत नाहीं. अथेन्सच्या झेनोफनापाशीं होर्मे नांवाचें अतिशय चपळ, अतिशय शहाणें कुत्रें होतें, एवढें मागें राहावें.

तें राहिलें. इंग्रजींत आल्यावर मात्र जुन्या भाषांतरकारानें तिला ‘तो’ केलें आणि अलीकडच्यानें ‘ती’. नांवाला त्याचा कांहीं उपद्रव झाला नाहीं.

हें सारें शेजारीं सांगून झाल्यावर मुलांनीं होर्मेचा मराठी प्रतिशब्द तेवढा उचलला. पिल्लाचें नांव ‘झेप’ ठरलें. आजी त्याला मोत्याच म्हणतात, आणि अजून तरी तें दोन्हीं हांकांना येतें.