काळ्या चष्म्याची कुळकथा

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीपाशी, खाम नदीच्या काठी, वैशाखातल्या भर दुपारी जो उभा राहिला असेल, त्याला दोन गोष्टींचा एकदमच प्रत्यय आला असेल : उंचावरून हौदात कोसळणाऱ्या पाण्याच्या गारव्याचा, आणि त्याच हौदाच्या पाण्यावरून उसळून डोळ्यांत घुसणाऱ्या उन्हाच्या तिरिपेचा. हे पाणी शहराच्या उत्तरेकडील डोंगरांतल्या झऱ्यापासून मातीच्या नळांतून, जमिनीच्या पोटातून आणलेले आहे. आणि हे नळ घातले गेले त्या काळचे सारे दप्तर ज्या भाषेत चाले, त्या फारशीत झऱ्याला 'चश्मा' म्हणतात. 'चश्म' म्हणजे डोळा. अरबीतही 'ऐन' या एकाच शब्दाने डोळा आणि झरा या दोहोंचा बोध होतो; तहानलेल्या मुलखांतल्या लोकांना भूमीतून पाझरणारे पाणी हे भूमीचे नेत्रच वाटले असावेत. पुढे हिंदुस्थानात 'चश्मा' डोळ्यांवरच्या काचांचे नाव झाला आणि 'ऐन'पासून 'ऐनक' रूढ झाला. आपल्या मराठीने 'चष्मा' घेतला. या शहरातल्या दखनी बोलणाऱ्या जुन्या घरांत मात्र 'ऐनक' अजून ऐकू येतो, आणि तो कानी पडला की शब्दांची ही दोन्ही कुळे शेजारी शेजारी नांदताना पाहून मला विलक्षण आनंद होतो.

शब्द फारशी असला तरी वस्तू फिरंग्यांची. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी हिंदुस्थानातील चष्म्याच्या इतिहासावर १९४७ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात १५२० च्या सुमारास विजयनगरचे व्यासतीर्थ चष्मा लावून ग्रंथवाचन करीत असल्याचा उल्लेख, सोमनाथ कवीने लिहिलेल्या त्यांच्या संस्कृत चरित्रातून, त्यांनी पुढे आणला. पोर्तुगीजांनी गोवा जिंकला १५१० साली. म्हणजे अवघ्या दहाएक वर्षांत हा जिन्नस एका संन्याशाच्या आसनापर्यंत पोहोचला होता. इतक्या लहानशा वस्तूच्या मागावर इतकी वर्षे निष्ठेने हिंडणाऱ्या गोड्यांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे.

परंतु व्यासतीर्थांचा चष्मा अक्षरे दिसावीत म्हणून होता. उजेड आत घेण्यासाठी नव्हे, तर तो अडविण्यासाठी डोळ्यांपुढे काही धरावे, ही कल्पना निराळी आणि कितीतरी जुनी. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांनी वॉलरसच्या सुळ्याची किंवा लाकडाची पट्टी कोरून, तिला केवळ एक बारीक आडवी चीर ठेवून, बर्फावरून परतणाऱ्या प्रकाशाने येणाऱ्या आंधळेपणापासून आपला बचाव केला. त्यांत काच नव्हती, रंग नव्हता, होता तो केवळ विचार. आपल्याकडे मोगल अमदानीत हौसेने निराळे वळण घेतले. लंडनच्या सदबीज या लिलावगृहाने २०२१ साली सतराव्या शतकातील मोगली भिंगांचे दोन चष्मे प्रदर्शनात मांडले होते. एकाची भिंगे गोवळकोंड्याच्या हिऱ्याची, दुसऱ्याची कोलंबियातून आलेल्या पाचूची, आणि ज्या पाचूतून ती कापली तो ३०० कॅरटांहून अधिक वजनाचा असावा, असा जाणकारांचा अंदाज. पाचूच्या चष्म्याला दिलेले फारशी नाव 'आस्ताना-ए-फिरदौस', म्हणजे स्वर्गाचा उंबरठा. ज्या शतकात ही भिंगे घासली गेली, त्याच शतकात आमच्या शहरात बिबीचा मकबरा उभा राहिला, ज्याच्या पांढऱ्याशुभ्र चुनेगच्चीकडे दुपारी उघड्या डोळ्यांनी पाहणे आजही कठीण जाते. हिरव्या रत्नातून ती शुभ्रता पाहिली असती तर ती किती शांत भासली असती, असे मला तेथील कारंजांपाशी उभे असताना अनेकदा वाटून गेले आहे.

आज ज्याला आपण उन्हाचा चष्मा म्हणतो, त्याचा खरा कुळपुरुष मात्र भट्टीपाशी जन्मला. काचेचे सामान घडविणाऱ्या कामगारांना, वर्षानुवर्षे तप्त रसाकडे टक लावून पाहिल्यामुळे, ऐन उमेदीत मोतीबिंदू होई. या व्याधीचा छडा लावण्यासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने जी समिती नेमली, तिच्यासाठी सर विल्यम क्रुक्स या वयोवृद्ध रसायनशास्त्रज्ञांनी काचेत निरनिराळ्या धातूंची संयुगे मिसळून तीनशेहून अधिक नमुने तयार केले, आणि उष्णतेचे व अतिनील किरण अडवून नजरेला पुरेसा प्रकाश देणाऱ्या काचांचा तपशील १९१३ साली सोसायटीपुढे मांडला. त्यांतील सिरियम धातूची काच पुढे 'क्रुक्स' या नावानेच चष्मेवाल्यांच्या दुकानांत विकली जाऊ लागली. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग करणारा कारागीर चेहऱ्यापुढे धरतो ती गडद हिरवी काच याच वंशातली. आणि जेव्हा एखादा पोरगा रस्त्याकडेच्या टपरीवर, ती काच हाताशी असूनही, नुसते डोळे मिटून ठिणगी पाडताना दिसतो, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या त्या तीनशे नमुन्यांची आठवण होऊन जीव तळमळतो.

भट्टीवरून ही काच आकाशात गेली. विमाने जसजशी उंच चढू लागली तसतसा ढगांवरचा निखळ, निळसर, अंगावर येणारा प्रकाश वैमानिकांना असह्य होऊ लागला. आणि त्यांचे जुने, चामड्याने मढविलेले, चेहऱ्याला घट्ट बसणारे गॉगल वाफेने धूसर होत. अमेरिकेतील रॉचेस्टर गावच्या बॉश अँड लाँब कंपनीने हिरवी काच बसविलेला हलका चष्मा घडवून १९३७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. नाव ठेवले 'रे-बॅन', म्हणजे शब्दशः किरणबंदी. या 'एव्हिएटर' चष्म्याचा अश्रूच्या थेंबासारखा खाली ओघळलेला आकार सौंदर्यासाठी म्हणून आलेला नाही. वैमानिकाची नजर क्षणात क्षितिजावर तर क्षणात खालच्या यंत्रांवर जाते, आणि त्या खाली वळलेल्या नजरेलाही काचेचा आडोसा राहावा म्हणून ती काच गालापर्यंत उतरली. फ्रेम तारेची बारीक, म्हणजे दृष्टीला कड आडवी येऊ नये. काचेचा वरचा भाग गडद आणि खालचा फिका ठेवण्याची पद्धतही त्याच गरजेची : वर सूर्य, खाली यंत्राचे काटे. १९५३ साली राखी-हिरवी 'जी-१५' काच आली, जी दृश्य प्रकाशाचा शेकडा १५ एवढाच भाग आत सोडते आणि रंगांचा तोल ढळू देत नाही.

'गॉगल' हा आपला लाडका शब्द याच वाटेने आला. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ डोळे फिरविणे, वटारणे. मग धूळ, ठिणग्या आणि वारा यांपासून रक्षण करणाऱ्या बंदिस्त चष्म्याचे ते नाव झाले. मराठीने तो उचलला आणि कोणत्याही काळ्या चष्म्याला देऊन टाकला. आपण गॉगल 'घालतो', 'लावतो', आणि ऐट असेल तेव्हा 'चढवतो'. १९५२ साली रेमंड स्टेगमन यांनी जाड प्लास्टिकच्या फ्रेमचा 'वेफेअरर' रेखाटला, त्यावेळी काळा चष्मा कामावरून सुटून रस्त्यावर फिरायला निघाला, एवढेच त्याच्याविषयी पुरे आहे.

पोलरॉइड काचेची हकीकत मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तिच्या मुळाशी कोयनेल आहे, हिवतापाने गांजलेल्या आपल्या मागील पिढ्यांचे तेच कडू औषध. कोयनेल आणि आयोडीन यांच्या संयोगातून सुयांसारखे स्फटिक बनतात, हे ब्रिस्टॉलच्या हेरपाथ यांना १८५२ साली आढळले होते. असे असंख्य सूक्ष्म स्फटिक एका पातळ पापुद्र्यात एकाच दिशेने ओळीने बसविण्याची युक्ती एडविन लँड या तरुणाने साधून १९२९ मध्ये पेटंटासाठी अर्ज केला. पाणी किंवा डांबरी रस्ता अशा सपाट पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश बहुतांशी आडवा कंप पावतो, आणि तो पापुद्रा उभ्या फणीसारखा त्याला अडवितो. पैठणला नाथसागराच्या काठी पक्षी पाहण्यासाठी थांबलेल्या माणसाने साधा काळा चष्मा लावला तर सारेच अंधुक होते. पोलरॉइड लावला तर पाण्यावरची चांदी नाहीशी होऊन त्याखालचे शेवाळ दिसू लागते. तोच चष्मा चिकलठाण्याहून विमान नेणाऱ्या वैमानिकाला मात्र वर्ज्य, कारण आजच्या यंत्रपटलांचा उजेडही त्याच तऱ्हेने गाळलेला असतो, आणि तो या काचेतून काळवंडलेला दिसतो.

काळेपणा म्हणजे रक्षण, ही समजूत फार घातक आहे. गडद काचेआड डोळ्याची बाहुली मोठी होते. काच जर अतिनील किरण अडवीत नसेल तर ते त्या रुंदावलेल्या दारातून अधिकच आत शिरतात. म्हणूनच काचेचे दर्जे ठरविलेले आहेत : भर उन्हासाठी तिसरा, जो शेकडा ८ ते १८ भाग प्रकाश सोडतो, चौथा त्याहून गडद, हिमशिखरांसाठी, आणि तो लावून वाहन चालविण्यास मनाई आहे. मकबऱ्याबाहेर गॉगलांची फळी मांडून उभ्या असलेल्या गरीब विक्रेत्याला हे विचारून उपयोग नाही. घेणाऱ्याने विचारले पाहिजे, आणि मुलासाठी घेत असेल तर दोनदा.

माझ्या आजीला हे कोणी सांगितले नव्हते. फुलंब्री तालुक्यातल्या आमच्या गावी ती कापूस वेचीत असे, आणि शिबिरात तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तेव्हा तिला कडेलाही झाकण असलेला, जाड प्लास्टिकचा हिरवा चष्मा मिळाला. डोळ्यातले मूळचे भिंग वयाने पिवळे पडलेले असते आणि स्वतःच उन्हाचा काही भाग गाळीत असते. ते काढून टाकल्यावर जग एकाएकी लखलखीत होते, म्हणून तो आडोसा. महिनाभराने चष्मा काढून ठेवण्यास हरकत नव्हती. आजीने तो काढला नाही. एका काडीला दोरा बांधून, कार्तिकातल्या उन्हात फुटलेल्या पांढऱ्या बोंडांच्या ओळीत ती तो लावूनच उभी राहत असे; आणि घरी कोणी नवे माणूस आले की पदराने काचा पुसून त्याला म्हणे, "लावून बघ रे, शेतात सावली पडल्यागत दिसतं."