शल्याचा ठाव

देहात शिरलेले बाणाचे टोक वा बंदुकीची गोळी बाहेर काढण्यापेक्षा ती नेमकी कोठे दडली आहे हे ठरविणे शल्यवैद्याला नेहमीच अधिक बिकट गेले आहे, आणि सुश्रुताने सूत्रस्थानातील एक अख्खा अध्याय हरवलेल्या शल्याच्या शोधासाठी राखून ठेवला, तो याच कारणाने. अंगावर थिजलेले तूप किंवा चंदनाचा लेप द्यावा, आणि जेथे तूप लवकर वितळेल वा लेप लवकर सुकेल तेथे आत शल्य आहे असे जाणावे. ते शिरा-स्नायूंत हरवले असेल तर रोग्यास मोडक्या चाकाच्या गाडीत बसवून खाचखळग्यांच्या वाटेने वेगाने न्यावे, आणि जेथे ठणका उठेल ती जागा धरावी, असे त्याचे उपाय आहेत. वाचताना अंगावर काटा येतो हे खरे. पण आतली वस्तू डोळ्यांना दिसत नसेल तर तिचा परिणाम बाहेर कोठे उमटतो ते पाहावे, ही त्यामागील बुद्धी अव्वल दर्जाची आहे. पुढे 1862 मध्ये गॅरिबाल्डीच्या घोट्यातील गोळीचा माग काढण्यासाठी फ्रेंच शल्यविशारद नेलातों यांनी टोकाला चिनी मातीचा गोळा असलेली सळई वापरली आणि त्या गोळ्यावर शिशाचा डाग उमटतो की काय हे पाहिले, तेव्हा त्यांनाही याहून निराळा मार्ग उपलब्ध नव्हता.

8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला, 28 डिसेंबरला त्यांनी आपला निबंध तेथील विद्वत्सभेकडे सोपविला, आणि शोधाचा हक्क स्वतःच्या नावे नोंदवून न घेण्याचे औदार्य त्यांनी दाखविल्यामुळे निर्वात नळी व विद्युत्-वेटोळे जवळ असलेल्या कोणाही अभ्यासकास तो प्रयोग करून पाहण्याची मोकळीक मिळाली. बर्मिंगहॅमचे डॉक्टर जॉन हॉल-एडवर्ड्स हे अशांपैकीच. जानेवारी 1896 मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याच्या हातात रुतलेल्या सुईची छाया काचेवर उतरविली, आणि 14 फेब्रुवारीस तर प्रत्यक्ष शस्त्रक्रियेस दिशा दाखविण्यासाठी अशा छायाचित्राचा उपयोग झाला. निबंध सोपविल्यापासून दोन महिनेही लोटले नव्हते! परंतु रोज त्या किरणांत हात घालणाऱ्या या माणसाची कातडी जळू लागली. आपल्या वेदनांची हकीकत त्यांनी इतरांना सावध करण्यासाठी वैद्यकीय नियतकालिकांतून लिहिली. 1908 साली त्यांचा डावा हात कापावा लागला आणि मागाहून उजव्या हाताची चार बोटेही गेली. तो डावा हात बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संग्रहालयात जतन केलेला आहे. शल्यवैद्याच्या हातांना दृष्टी मिळावी म्हणून ज्याने स्वतःचे हात गमावले त्याचे नाव आपल्याकडील वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या कानांवर क्वचितच पडते, याचे मला वाईट वाटते.

लष्कराने या साधनाचे मोल लौकरच ओळखले. 1897-98 च्या तिराह मोहिमेत, हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर, सर्जन-मेजर बीव्हर यांनी क्ष-किरणांचे यंत्र फौजेबरोबर नेऊन जखमी सैनिकांच्या अंगातील गोळ्या हुडकल्या. तथापि काचेवरील छायाचित्र हे कितीही स्पष्ट असले तरी ते झालेल्या क्षणाचे असते. शल्यवैद्याचा चिमटा आत शिरला, स्नायू बाजूला सरले, गोळी बोटभर हलली, की त्या चित्राचा दाखला निरुपयोगी ठरतो. चकाकणाऱ्या पडद्यावर हलते चित्र पाहण्याची सोय 1896 पासूनच होती, आणि एडिसन यांनी त्यासाठी कॅल्शियम टंगस्टेटचा पडदाही तयार केला होता. मग हात चालत असताना आतले दिसावे यासाठी आणखी अर्धशतक का जावे लागले?

याचे उत्तर मानवी नेत्राच्या रचनेत आहे. तो पडदा इतका मंद उजळे की, दिवसाच्या उजेडात बारकावे टिपणारा डोळ्याचा भाग तेथे निकामी ठरे, आणि रात्री चाचपडताना जी अस्पष्ट दृष्टी आपल्याला साहाय्य करते तिच्यावरच सारी भिस्त ठेवावी लागे. तीही जागी होण्यास वीस मिनिटांचा अंधार लागे. उजेडात वावरतानाही तिची तयारी होत राहावी म्हणून ट्रेंडेलेनबुर्ग यांनी 1916 मध्ये तांबड्या काचांच्या चष्म्याची तजवीज सुचविली आणि क्ष-किरणतज्ज्ञ तो चष्मा लावून वावरू लागले. पण जखम उघडी असताना दिवे मालवून शस्त्रक्रिया करणे कोणास परवडणार? किरणांचा मारा वाढवून पडदा उजळावा, तर त्याचे प्रायश्चित्त रोग्याच्या व वैद्याच्या देहाला भोगावे लागे, आणि ते किती भयंकर असते हे एडिसन यांचे मदतनीस क्लॅरेन्स डॅली यांच्या 1904 मधील मृत्यूने जगाला कळून चुकले होते.

1941 साली फिलाडेल्फियाचे चेंबरलेन यांनी क्ष-किरणतज्ज्ञांच्या सभेत ही अडचण हिशेबानिशी मांडली आणि किरण न वाढविता प्रकाश वाढविण्याची मागणी केली. ती वेस्टिंगहाउस कंपनीतील जॉन कोल्टमन यांनी 1948 मध्ये पुरी केली. त्यांच्या नळीत क्ष-किरणांमुळे उत्पन्न झालेला क्षीण प्रकाश इलेक्ट्रॉन मोकळे करी, उच्च विद्युद्दाबाने ते वेगाने ओढले जात आणि लहानशा पडद्यावर एकवटून आदळत, व तेच चित्र शेकडो पटींनी तेजस्वी होऊन उमटे. 1955 च्या सुमारास फिलिप्स कंपनीने ही नळी कमानीच्या एका टोकास व क्ष-किरणांचा उगम दुसऱ्या टोकास बसवून चाकांवर फिरणारे यंत्र बाजारात आणले.

याचा खरा लाभ मांडीच्या हाडाची मान मोडलेल्या वृद्धांना झाला. 1932 साली स्वीडनच्या योहान्सन यांनी तारेवरून सरकविता येणारा पोकळ खिळा काढला होता. परंतु ती तार बरोबर गेली की नाही हे ठरविण्यासाठी समोरून आणि बाजूने छायाचित्रे घेऊन, ती धुऊन येईपर्यंत गुंगीतील रोग्याजवळ सर्वांना ताटकळत राहावे लागे. आणि समोरून मधोमध दिसणारी तार बाजूच्या चित्रात हाडाबाहेर गेलेली आढळली, की पुन्हा पहिल्यापासून आरंभ. आता आपल्याकडील शस्त्रक्रियागृहांत ज्याला सर्रास 'आयआयटीव्ही' म्हणतात ते हेच कमानीचे यंत्र मेजाभोवती कलते, शिशाचा एप्रन चढविलेला शल्यविशारद 'शूट' म्हणतो, पडद्यावर तारेचे टोक हाडात कोठवर पोचले ते दिसते, आणि पायाखालची कळ सोडल्यावर किरण थांबले तरी शेवटचे चित्र पडद्यावर तसेच राहते, त्यामुळे विचार करण्यासाठी लागणारा वेळ कोणाच्याही देहावर किरण न पाडता मिळतो.