सक्तीच्या शिपायाची समुद्रापारची तालीम : आल्विन यॉर्कच्या कागदांवरून

इतिहाससंशोधकांचें लक्ष सामान्यतः सेनापतींच्या पत्रांकडे, तहनाम्यांकडे व जमाखर्चाच्या कागदांकडे असतें. ज्याच्या खांद्यावर बंदूक असते त्या शिपायाचा स्वतःचा कागद क्वचितच हातीं येतो. आणि जो स्वखुशीनें नव्हे, तर कायद्याच्या सक्तीनें लष्करांत आला, त्याचा तर त्याहूनही क्वचित. प्रस्तुत लेखांत अशा एका शिपायाच्या कागदांचा परामर्श घ्यावयाचा आहे. हा शिपाई म्हणजे अमेरिकेंतील टेनेसी प्रांताच्या डोंगरी भागांतील आल्विन यॉर्क. ८ ऑक्टोबर १९१८ च्या पराक्रमानें त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें. परंतु त्या एका सकाळच्या तेजानें तिच्या मागचें वर्ष झांकून गेलें आहे. कवाईत, समुद्रप्रवास व परमुलखांतील तालीम यांत गेलेलें तें वर्षच येथें विचाराचा विषय आहे.

अमेरिका ६ एप्रिल १९१७ रोजीं पहिल्या महायुद्धांत उतरली. १८ मे रोजीं सक्तीच्या भरतीचा कायदा झाला व ५ जून रोजीं २१ ते ३० वर्षें वयाच्या पुरुषांची नोंदणी झाली. २० जुलै रोजीं वॉशिंग्टन येथें युद्धमंत्री न्यूटन बेकर यांनीं डोळे बांधून कांचेच्या पात्रांतून पहिली चिठ्ठी उचलली. तिजवर २५८ हा आंकडा निघाला. युद्ध संपेपर्यंत सुमारें २८ लक्ष लोक या मार्गानें लष्करांत आले.

या प्रकरणांतील पहिला कागद म्हणजे यॉर्कचें ५ जूनचें नोंदणीपत्र. तें अमेरिकेच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यांत सुरक्षित आहे. सूट मागतां काय, मागत असल्यास कोणत्या कारणास्तव, असा छापील प्रश्न आहे. त्यापुढें उत्तर इतकेंच कीं, होय, लढण्याची इच्छा नाहीं. यापुढचा इतिहास कागदांच्या अभ्यासकानें नीट ध्यानांत घेण्याजोगा आहे. ज्या पंथाच्या प्रस्थापित मतांत युद्धास निषेध सांगितला आहे, त्या मान्यताप्राप्त पंथाच्या अनुयायांस कायद्यानें प्रत्यक्ष लढण्यापासून सूट ठेविली होती. यॉर्कच्या लहानशा ख्रिस्ती पंथास बायबलाव्यतिरिक्त स्वतंत्र लिखित मतपत्र नव्हतें. सबब त्याचे अर्ज नामंजूर झाले. आमच्या परिभाषेंत सांगावयाचें तर, श्रुति होती, परंतु तिजवर आधारलेली स्मृति कोणीं लिहून ठेविली नव्हती. म्हणून निषेधच सिद्ध होईना! १८५२ च्या कायद्यान्वयें मुंबई इलाख्यांत इनाम कमिशनपुढें ज्यांची सनद गहाळ झाली होती, त्यांची काय अवस्था झाली हें वाचकांस ठाऊक आहे. तेथें जमीन गेली. येथें माणसाचा देहच सरकारजमा झाला.

नोव्हेंबर १९१७ मध्यें यॉर्क जॉर्जिया प्रांतांतील अटलांटा शहराजवळच्या कॅम्प गॉर्डन येथें दाखल झाला. पुढें त्याची नेमणूक ८२ व्या डिव्हिजनच्या ३२८ व्या पायदळ पलटणींत झाली. या डिव्हिजनमध्यें अमेरिकेच्या सर्व ४८ प्रांतांचे लोक होते, आणि इटालियन, पोलिश, ग्रीक इत्यादि लोकांचाही भरणा मोठा होता. लहानपणापासून नेमबाजी जाणणाऱ्या यॉर्कला चरबीनें माखलेल्या नव्या रायफली पाहून खेद झाला, आणि शहरांतील ज्या तरुणांनीं कधीं बंदूक हातीं धरली नव्हती त्यांचा नेम पाहून विस्मय वाटला. पण त्याची खरी कसोटी चांदमारीच्या मैदानांत नव्हती. कॅप्टन डॅनफर्थ व मेजर बक्स्टन या अधिकाऱ्यांनीं त्याला शिक्षा न करितां बायबलांतील वचनें पुढें ठेवून त्याच्याशीं वाद केला आणि विचारासाठीं घरीं जाण्याची रजा दिली. तो डोंगरांत जाऊन प्रार्थना करून परत आला, तो लढण्यास सिद्ध होऊनच. ज्या वाचकांचें मन कुरुक्षेत्रावरील एका प्रसिद्ध संवादाकडे जाईल त्यांस दोष देतां येणार नाहीं. मात्र तेथें विचारणारा राजपुत्र होता, येथें तो खेड्यांतील मजूर होता.

यॉर्कची पलटण फ्रान्समध्यें जाऊन प्रथम ब्रिटिशांच्या हाताखालीं कां शिकली, याचें कारण जहाजांत आहे. २१ मार्च १९१८ रोजीं जर्मनांनीं पश्चिम आघाडीवर मोठा हल्ला केला. ब्रिटिशांस माणसें हवीं होतीं, अमेरिकेस जहाजें हवीं होतीं. ब्रिटिश जहाजांतून अमेरिकन पायदळ आणावें व त्यानें कांहीं काळ ब्रिटिशांजवळ तालीम घ्यावी असें ठरून दहा डिव्हिजन त्यांच्याकडे आल्या. यॉर्क मेच्या आरंभीं अमेरिकेहून निघाला, १६ मे रोजीं लिव्हरपूलला उतरला आणि २१ मे रोजीं फ्रान्सच्या ल हाव्र बंदरांत पोंचला. तेथें पहिली गोष्ट झाली ती अशी कीं, जी रायफल खोलून, पुसून, तिचा प्रत्येक भाग ओळखीचा करून घेतला होता, ती परत घेण्यांत आली व हातीं ब्रिटिश रायफल देण्यांत आली. विषारी वायूपासून बचावाचे मुखवटेही मिळाले. शिपायाच्या मनास युद्ध जवळ आल्याची जाणीव तोफेच्या आवाजाआधीं या मुखवट्यानें झाली.

अमेरिकन सेनापति पर्शिंग यांच्या योजनेप्रमाणें फ्रान्समधील तालीम तीन महिन्यांची असावी : पहिला महिना लहान तुकड्यांच्या शिक्षणाचा, दुसरा शांत आघाडीवर मित्रसैन्यासमवेत खंदकांत, आणि तिसरा संपूर्ण डिव्हिजनच्या एकत्रित कवाईतीचा. पर्शिंग यांचा भर रायफलीवर व उघड्या मैदानांतील युद्धावर होता. ब्रिटिश व फ्रेंच शिक्षक चार वर्षांच्या अनुभवानें खंदक, हातबॉम्ब व संगीन यांचा पाठ देत. शिष्याच्या पदरीं दोन गुरूंचे दोन आगम पडले. शिवाय ही योजना कागदावरच राहिली. जूनमध्यें ८२ व्या डिव्हिजनसह पांच डिव्हिजन ब्रिटिशांकडून काढून घेण्यांत आल्या, रायफली पुन्हां बदलल्या, आणि जूनअखेर तूलजवळच्या शांत आघाडीवर पलटणी खंदकांत उतरल्या. म्हणजे ल हाव्रला पाय लागल्यापासून पांच-सहा आठवड्यांत विद्यार्थी शत्रूसमोर उभा राहिला. येथें हातीं आली ती फ्रेंच बनावटीची शोशा नांवाची स्वयंचलित रायफल. ती यॉर्कला मुळींच आवडली नाहीं. जड, फार आवाज करणारी व गोळ्या वाया घालविणारी, असा त्याचा अभिप्राय आहे. एका गोळींत एक पक्षी टिपणाऱ्या शिकाऱ्याचा हा अभिप्राय स्वाभाविक होय.

शस्त्र बदलण्याचा हा प्रकार आमच्या लोकांसही अपरिचित नाहीं. १९१४ च्या सप्टेंबरांत लाहोर डिव्हिजन मार्सेल्सला उतरली तेव्हां तिलाही तेथेंच नव्या नमुन्याच्या रायफली घ्याव्या लागल्या. त्या डिव्हिजनमध्यें किरकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या; २८ ऑक्टोबरला न्यव्ह शापेल येथें त्यांचा मोठा संहार झाला. हे लोक कायद्यानें ऐच्छिक भरतीचे होते हा भेद खरा. पण हातच्या संवयीचें शस्त्र परक्या किनाऱ्यावर उतरतांच बदलणें, हें दोघांच्याही वांट्यास आलें.

आतां प्रमाणाचा विचार. यॉर्कची रोजनिशी १९२८ मध्यें टॉम स्केहिल यानें संपादून आत्मवृत्तासह प्रसिद्ध केली. स्केहिल हा गॅलिपोलीस लढलेला ऑस्ट्रेलियन शिपाई व पुढें व्याख्याता. यॉर्क त्या सुमारास आपल्या डोंगरी मुलखांतील मुलांच्या शाळेसाठीं झटत होता. या ग्रंथांत दोन थर स्पष्ट दिसतात. तारीख, गांव, जहाज यांच्या त्रोटक नोंदी हा मूळ थर. भावना, विनोद व उपदेश यांचा विस्तार हा दहा वर्षांनंतरचा, आणि त्यांत संपादकाचा हात किती हें वाक्यावाक्यास विचारावें लागतें. त्रोटक नोंदींचा मेळ डिव्हिजनच्या छापील इतिहासाशीं बसतो. पण तो इतिहास यॉर्कशीं वाद करणाऱ्या बक्स्टननेंच लिहिला आणि रोजनिशीपूर्वीं प्रसिद्ध झाला, म्हणून एवढ्या मेळानें दोन स्वतंत्र साक्षी सिद्ध होत नाहींत. उलट, चरबीनें माखलेली रायफल किंवा शोशाविषयींची कुरकुर यांचा कोणाच्याही कीर्तीस उपयोग नाहीं. निरुपयोगी तपशील रचण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाहीं. म्हणून मला ते अधिक विश्वसनीय वाटतात.

पराक्रमाच्या भागाची गोष्ट निराळी आहे. शातेल-शेहेरीजवळ १७ जणांच्या तुकडींतील ६ मेले, ३ जखमी झाले. यॉर्कनें सूत्रें हातीं घेतलीं व शेवटीं १३२ कैदी आणण्यांत आले. याला सोबत्यांचे शपथेवरील जबाब आहेत, तरी श्रेय कोणाचें किती यावर पुढें त्याच सोबत्यांपैकीं कांहींनीं वाद घातला. २००६ पासून दोन निरनिराळ्या मंडळींनीं त्या जंगलांत उत्खनन करून दोन निरनिराळ्या जागा खऱ्या म्हणून दाखविल्या आहेत. जेथें कीर्ति मोठी तेथें पाठभेद फार. जेथें केवळ कवाईत व पायपीट, तेथें पाठ बहुधा शुद्ध राहतो.

यावरून संग्राहकांस एक विनंति करावीशी वाटते. सातारा व रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक गांवांत १९१४–१९ च्या युद्धास इतके गेले व इतके मेले, एवढेंच सांगणारे दगड भिंतींत बसविलेले आढळतात. दगडावर आंकडा आहे, माणूस नाहीं. तो माणूस कोठें मिळावयाचा असेल तर जुन्या ट्रंकेंतील पगाराच्या पुस्तकांत, नोकरी सोडल्याच्या दाखल्यांत, किंवा सांगून लिहविलेल्या एखाद्या पोस्टकार्डांत. असे कागद मोडी रुमालांच्या शोधांत आपण बाजूस सारतों. यॉर्कच्या पंथाजवळ लिखित कागद नव्हता, म्हणून त्याचें म्हणणें ऐकलें गेलें नाहीं. आमच्या शिपायांचे कागद आहेत. ते वाळवीच्या आधीं आमच्या हातीं यावेत, एवढीच इच्छा.