गारद्यांची दरमहा तलब

चाकरीचा पैसा महिन्याच्या महिन्यास हातीं पडावा, ही गोष्ट आज आम्हांस इतकी स्वाभाविक वाटते कीं, तिलाही कांहीं इतिहास असेल अशी शंकाही येत नाहीं. परंतु पेशव्यांच्या लष्करांत याच गोष्टीनें मोठा कलह माजविला होता.

मराठ्यांचें घोडदळ मुख्यतः सालीना हिशेबाचें. शिलेदार स्वतःचें घोडें घेऊन येई. आरंभीं नालबंदीची रक्कम त्याच्या पदरांत पडे, आणि बाकीचा हिशेब मोहिमेअखेर, पुष्कळदां त्याहूनही उशिरां होई. बाकी तुंबली तरी तो तग धरी; कारण गांवीं शेत असे, आणि लुटीची आशा तर सर्वांसच असे. गारद्यांचें तसें नव्हतें. हें कवायती भाडोत्री पायदळ; घरदार दूर, शिधा रोजचा बाजारांतून विकत घ्यावयाचा. त्यांस दसऱ्याचा वायदा काय कामाचा?

बुसीच्या तालमींत तयार झालेला इब्राहिमखान गारदी निजामाची चाकरी सोडून पेशव्यांकडे आला, तो दरमहा रोख तलबेचा आग्रह घेऊनच. इकडे सरकारचा वसूल येणार पिकांच्या हंगामास. खर्च मात्र दर महिन्यास उभा! मधली खिंड सावकारानें भरावयाची. जुन्या सरदारांच्या डोळ्यांत हे लोक सलले यांत नवल नाहीं. पण दोष गारद्यांचा होता असें आम्हांस वाटत नाहीं.

पानिपतच्या दिवशीं, १४ जानेवारी १७६१ रोजीं, इब्राहिमखान भाऊसाहेबांस भेटला तो प्रसंग काशिराज पंडितानें नमूद केला आहे. दरमहाच्या हट्टामुळें आपली इतराजी झाली, या महिन्यांत तर खजिना लुटला गेल्यानें कांहींच मिळालें नाहीं. तरी आजवरची तलब फुकट घेतली नाहीं हें आज दाखवितों, असा त्याच्या बोलण्याचा आशय. काशिराज सुजाउद्दौल्याच्या पदरीं, म्हणजे शत्रूच्या गोटांत. तेव्हां हें संभाषण त्यानें स्वतः ऐकलें नसणार. पण गारद्यांनीं त्या दिवशीं रोहिल्यांची फळी मोडली आणि त्यांतील बहुतेक तेथेंच पडले, ही गोष्ट निर्विवाद आहे. उपाशीपोटीं, बिनपगारी!

पुढें ३० ऑगस्ट १७७३ रोजीं गारदी शनिवारवाड्यांत घुसले, तेही थकलेल्या तलबेचा गिल्ला करीत. नारायणरावांविरुद्धचा कट निराळा होता. पण पगाराचा तगादा हा बहाणा सर्वांस खरा वाटण्याजोगा होता, ही त्यांतील लाजिरवाणी गोष्ट.

महादजी शिंद्यांनीं हा गुंता निराळ्या रीतीनें सोडविला. इ. स. १७८४ त चाकरीस ठेविलेल्या डी बॉयनच्या पलटणींसाठीं त्यांनीं पुढें दुआबांतील मुलूखच जायदाद म्हणून तोडून दिला. वसूल त्यानें करावा, पगारही त्यानेंच वांटावा. शिपाई संतुष्ट झाला. मात्र त्याचा धनी कोण, हें हळूहळू बदललें. डी बॉयनमागून ती जायदाद पेरॉनच्या हातीं गेली, आणि सप्टेंबर १८०३ त अलीगडचा किल्ला पडतांच तो इंग्रजांच्या आश्रयास निघून गेला.