भिंतीवरच्या फोटोतली बाई कामावर होती

आजचा भाग भातसानगरहून रेकॉर्ड केलाय. मागे पावसाचा आवाज येतोय, तो एडिटिंगमध्ये काढलेला नाही, सांभाळून घ्या. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग.

विषय आहे पिन-अप. म्हणजे मासिकातून कापून, टाचणीने भिंतीवर टोचून ठेवायचा सुंदर बाईचा फोटो. हा शब्द गाजला दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकन सैनिकांमुळे. १९४३ साली बेटी ग्रेबलचा स्विमसूटमधला, पाठमोरी उभी राहून मागे वळून बघणारा फोटो सैनिकांच्या बराकीबराकीत लागला होता. हे बहुतेकांना माहीत असतं. पण आपल्याकडे ही गोष्ट त्याच्याही आधी सुरू झाली होती, आणि तीही मराठीत.

१९३८ सालचा ‘ब्रह्मचारी’. कथा आचार्य अत्रे यांची, दिग्दर्शक आणि हिरो मास्टर विनायक. यातला औदुंबर ब्रह्मचर्यावरचं एक जोरदार भाषण ऐकतो आणि पेटून उठतो. घरी येऊन पहिलं काम काय करतो? जमवून ठेवलेली नट्यांची चित्रं फेकून देतो! मग व्यायाम, मग आश्रम. विचार करा, १९३८ मध्ये प्रेक्षकांना हा विनोद कळत होता. म्हणजे नट्यांची चित्रं जमवणारी तरुण पोरं तेव्हा घरोघरी असणार, त्याशिवाय थिएटरात हशा कसा येईल?

पुढे औदुंबरच्या समोर किशोरी येते, पोहण्याच्या पोशाखात, गाणं म्हणत. ब्रह्मचर्य तिथेच संपलं. किशोरी झाली होती मीनाक्षी शिरोडकर. तेव्हा त्यांचं लग्न झालेलं होतं, आणि गाणं त्यांनी स्वतः गायलं होतं. टीका झाली, गर्दीही झाली. दुसऱ्याच वर्षी विनायकांच्या ‘ब्रँडीची बाटली’मध्ये त्या पुन्हा दिसल्या आणि नंतर नाटकांतही त्यांनी काम केलं. आज मात्र त्यांचं नाव सर्च केलं की दोनच गोष्टी वर येतात. एक, तो स्विमसूट. दुसरी, नम्रता आणि शिल्पा शिरोडकर यांची आजी. बाकीची सगळी कारकीर्द त्या एका पोशाखाखाली दबून गेली.

म्हणून आजचा माझा मुद्दा सरळ आहे. ग्लॅमर ही नोकरी होती. तिला करार होता, पगार होता, धोके होते आणि एक्सपायरी डेटही होती. फोटो बघणाऱ्यांना हे दिसत नव्हतं. फोटोतल्या बायकांना मात्र नीट माहीत होतं.

आधी एक्सपायरी डेटचं बोलू. लीला चिटणीस धारवाडच्या, पदवीधर. ‘शिकलेल्या घरातली पदवीधर नटी’ ही त्यांची ओळखच पोस्टरवर विकली जायची. पण त्या सिनेमात हौसेने आल्या नव्हत्या. लग्न तुटलं होतं आणि मुलं वाढवायची होती. बॉम्बे टॉकीजमध्ये अशोककुमारांबरोबर ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ असे ओळीने गाजलेले सिनेमे त्यांनी केले. १९४१ साली त्या लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. त्याआधी ती जागा हॉलिवूडच्या नट्यांची होती. भारतीय सिनेमातली पहिली लक्स सुंदरी आपली मराठी बाई.

आता तारखा बघा. १९४८ साली, म्हणजे साबणाच्या जाहिरातीनंतर फक्त सात वर्षांनी, ‘शहीद’मध्ये त्या दिलीपकुमारची आई झाल्या. तेव्हा त्या चाळिशीच्याही आत होत्या. १९५१ला ‘आवारा’मध्ये राज कपूरची आई. आणि अशोककुमार? ते १९४९ला ‘महल’मध्ये मधुबालाचे हिरो होते. मधुबालाचं वय तेव्हा सोळाच्या आसपास. एकाच पडद्यावर जोडी जमलेले दोघं. दहा वर्षांत एक जण आई झाली आणि दुसरा हिरोच राहिला. हे कोणाच्या अभिनयामुळे झालेलं नाही, बाजाराने ठरवलेलं आहे.

आता धोके. ललिता पवार म्हटलं की आपल्याला ‘रामायण’मधली मंथरा आठवते, नाहीतर खाष्ट सासू. पण येवल्याच्या या ललिताबाई मूकपटांच्या काळापासून काम करत होत्या आणि तिशीच्या दशकात चक्क नायिका होत्या. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या शूटिंगमध्ये भगवानदादांनी थप्पड मारायची होती. ती जास्त जोरात बसली. चेहऱ्याची नस दुखावली, पुढे तीनेक वर्षं उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. जो चेहरा विकला जायचा, तोच कामावर असताना जखमी झाला. नायिकेची कामं संपली. त्यांनी त्याच डोळ्याच्या जोरावर पुढची चाळीसेक वर्षं काम केलं, हा त्यांचा जिगरा. पण कामावर इजा झाली तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तिथे उरतोच.

आणि करार? इथे शांता आपटे येतात. ‘कुंकू’मधली, म्हाताऱ्याशी लावून दिलेलं लग्न मान्य न करणारी नीरा. १९३९ साली प्रभात कंपनीशी त्यांचा कराराचा वाद झाला. तेव्हा आजच्यासारखं नव्हतं, कलाकार कंपनीत पगारावर असायचे. शांताबाई थेट पुण्याच्या प्रभात स्टुडिओच्या गेटवर उपोषणाला बसल्या. आज त्याच आवारात एफटीआयआय आहे. सगळ्या मुंबई-पुण्यात त्याची चर्चा झाली. दुसऱ्या वर्षी, १९४०ला, त्यांनी पुस्तक लिहिलं, ‘जाऊ मी सिनेमात?’ सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना त्यांनी या धंद्याची आतली बाजू सांगितली. ज्या वयात आपण लिंक्डइनवर पहिली नोकरी टाकतो, त्या वयात या बाईंनी उपोषण केलं आणि पुस्तकही लिहिलं.

आमच्या शहापूर तालुक्यात एक म्हण रोज जगावी लागते: धरण उशाला, कोरड घशाला. भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतो. या फोटोंचं गणित मला तसंच वाटतं. चेहरा हिचा, पण त्यातून वाहणारा पैसा कुठे जायचा ते ठरवणारा दुसराच. अमेरिकेतल्या बेटी पेजचंही तेच झालं. पन्नाशीच्या दशकातली सगळ्यात प्रसिद्ध पिन-अप मॉडेल. १९५७ला काम सोडलं. त्यानंतर तिचे फोटो पोस्टर आणि टी-शर्टवर विकले जात राहिले, आणि तिच्या हातात कित्येक वर्षं काहीच पडलं नाही. नव्वदच्या दशकात वकील गाठल्यावर कुठे पैसे सुरू झाले.

मी दिवसा कोड लिहितो. आमच्याकडे एक ओळ जरी बदलली तरी कोणी बदलली याची नोंद राहते. फोटोंना ती सोय नाही. जुन्या नट्यांचे फोटो रंगीत करून, एआयने हलवून, गाणं लावून रील फिरतात. खाली बदाम आणि आगीचे इमोजी, पण नाव नाही. २०२३ साली अनिल कपूर यांना दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या चेहऱ्या-आवाजाच्या परस्पर वापराविरुद्ध संरक्षण दिलं. जिवंत, मोठा स्टार कोर्टात जाऊ शकतो. १९३८च्या नटीच्या वतीने कोण जाणार?

पण एक गोष्ट त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. त्यांनी लिहून ठेवलं. शांताबाईंचं पुस्तक आहे. लीलाबाईंचं ‘चंदेरी दुनियेत’ आहे. आणि हंसा वाडकर यांचं ‘सांगत्ये ऐका’. घर चालवण्यासाठी शाळकरी वयात सिनेमात आलेली ही मुलगी. ज्या सिनेमाचं नाव त्यांनी आत्मकथेला दिलं, तो १९५९ सालचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात विजयानंद थिएटरला १३१ आठवडे चालला. आत्मकथा १९७०ला आली. आपली कमाई, घरातली माणसं, दारू, संसार, काहीही झाकलेलं नाही. त्यावरूनच श्याम बेनेगल यांनी १९७७ला ‘भूमिका’ केला, स्मिता पाटील यांना घेऊन.

फोटो बघणाऱ्याला काय हवं होतं ते फोटोतून कळतं. फोटोतल्या बाईला काय हवं होतं ते या पुस्तकांतून कळतं: वेळेवर पैसे, माणसासारखी वागणूक आणि वय झाल्यावरही काम.

तर या आठवड्याचा गृहपाठ. पुढच्या वेळी असं रील आलं तर खाली नटीचं नाव आणि सिनेमाचं वर्ष टाका. माहीत नसेल तर शोधा, पाच मिनिटं लागतात. आणि तीनपैकी एक पुस्तक मिळवा. मी सुरुवात ‘सांगत्ये ऐका’पासून सुचवेन, छोटं आहे, कसारा लोकलमध्ये दोन-तीन फेऱ्यांत वाचून होतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.