तीन पानांची फट : कुलाब्याची ‘सुहैली’ आणि समुद्रावरचे दोन जनरेटर

१/ १९६८ साली लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने एक शर्यत जाहीर केली : एकट्याने, कोणत्याही बंदराला न लागता, शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा. नऊ जण निघाले. प्रदक्षिणा पूर्ण करून परतला एकच. त्याची बोट मुंबईत, कुलाब्यात बांधलेली होती. या शर्यतीच्या इतिहासात बॅटऱ्या भरणाऱ्या दोन छोट्या यंत्रांनाही मोठे स्थान आहे.

२/ मुंबईला बोटबांधणी नवी नव्हती. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले आणि पुढे वाडिया घराण्याने सागवानी जहाजांची परंपराच उभी केली. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे.

३/ १९६० च्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण ब्रिटिश अधिकारी भारताशी व्यापार करणाऱ्या जहाजांवर नोकरी करीत असे. त्याने कुलाब्यात स्वतःसाठी बोट बांधायला दिली. आराखडा अमेरिकन रचनाकार विल्यम ॲटकिन यांचा, १९२० च्या दशकातला, लाकूड सागवान, आणि कारागीर इथले. विजेच्या यंत्रांऐवजी त्यांच्या हातात होते वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता. बत्तीस फुटांची, दोन डोलकाठ्यांची ही बोट म्हणजे ‘सुहैली’. आखाती समुद्रातील एका वाऱ्याचे हे अरबी नाव.

४/ १४ जून १९६८ रोजी ‘सुहैली’ने फाल्मथ सोडले. शीड वाऱ्यावर चालते, वाट सेक्स्टंट आणि क्रोनोमीटर दाखवतात. मग वीज कशाला? मुख्यतः रेडिओसाठी आणि दिव्यांसाठी. त्याकरिता बॅटऱ्या लागतात आणि महिनोन्‌महिने किनारा न दिसणाऱ्या बोटीवर त्या भरायला एक लहानसे पेट्रोल इंजिन लागते.

५/ असे इंजिन बंद पडले की शोध तीनच ठिकाणी घ्यायचा असतो : इंधन नीट येते का, हवा आत जाऊन पुरेशी दाबली जाते का आणि ठिणगी वेळेवर पडते का. समुद्रावर पहिला संशय बहुधा ठिणगीवर जातो. खारी दमट हवा धातूवर गंज चढवते आणि तारांच्या जोडांत शिरते. ठिणगीच्या यंत्रणेतील फट केसाएवढ्या फरकानेही चुकली, तर दोरी कितीही ओढा, इंजिन पेट घेत नाही.

६/ ‘सुहैली’वर हेच घडले. चार्जर बिघडला. तो उघडून साफ केल्यावर फट पुन्हा बसवायची वेळ आली. माप ठाऊक होते : एका इंचाचे पंधरा हजारांश भाग, म्हणजे कारागिरांच्या भाषेत पंधरा थाउ, साधारण ०.३८ मिलिमीटर. ते मोजायला पोलादी पात्यांचे फीलर गेज लागते. नेमके तेच बोटीवर नव्हते.

७/ नॉक्स-जॉन्स्टनने वही हाती घेतली. तिची दोनशे पाने एकावर एक ठेवली की एक इंच भरत होता. म्हणजे एक पान पाच थाउ, आणि तीन पाने पंधरा. तीन पानांच्या जाडीवर फट बसली. माप ही वस्तूत नसून प्रमाणात असते, हे भूमितीचे तत्त्व महासागराच्या मधोमध असे उपयोगी पडले.

८/ त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट हा इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकारही होता. त्याची तीन सांगाड्यांची ‘टेनमाउथ इलेक्ट्रॉन’ नवीकोरी आणि वेगवान होती. बोट कलंडू लागली तर आपोआप कार्य करणारी सुरक्षायंत्रणा त्याने योजली होती. मात्र ३१ ऑक्टोबर १९६८ रोजी तो निघाला तेव्हा ती अपुरीच होती. ही सारी कल्पना विजेवर उभी होती. आणि जनरेटर बसवला होता बसण्याच्या जागेखाली, एका झाकणाआड.

९/ ते झाकण गळके निघाले. नोव्हेंबरच्या मध्यास लाटांचे पाणी आत भरले आणि जनरेटर भिजला. क्रोहर्स्टने तो पुन्हा चालू केला; हात त्याचेही कुशल होते. पण झाकणाची गळती कायम होती आणि दक्षिण महासागर अजून पुढेच होता. बोट तिथे टिकणार नाही, हे त्याने स्वतःच्याच नोंदींत सविस्तर तपासले होते. परंतु माघार म्हणजे दिवाळखोरी, आणि घरी पत्नी व चार मुले.

१०/ डिसेंबरपासून त्याने खोटी ठिकाणे कळवायला सुरुवात केली. १९ जानेवारी १९६९ च्या संदेशात त्याने जनरेटरचे झाकण बंद करून टाकल्याचे सांगितले. आपण दक्षिण अटलांटिकमधील गॉफ बेटाजवळ आहोत, असेही भासवले. प्रत्यक्षात तो ब्राझीलच्या बाजूला होता. खऱ्या बिघाडाचे रूपांतर आता मौनाच्या सबबीत झाले होते.

११/ त्याच्या दोनच दिवस आधी, १७ जानेवारीला, ‘सुहैली’ने केप हॉर्न ओलांडले. हे जगाला कळले नाही, कारण तिचा ट्रान्समीटर खरोखरच निकामी झाला होता. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरात दिसलेली ही बोट ६ एप्रिलपर्यंत कोणाच्याही दृष्टीस पडली नाही. त्या दिवशी अझोर बेटांच्या पश्चिमेला एका तेलवाहू जहाजाने तिला पाहिले. एकाच काळातली दोन मौने : एक यंत्राचे, दुसरे माणसाचे.

१२/ २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ‘सुहैली’ फाल्मथला परतली. एकट्याने, न थांबता केलेली ही जगातील पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. १० जुलै रोजी ‘टेनमाउथ इलेक्ट्रॉन’ अटलांटिकमध्ये निर्मनुष्य तरंगताना सापडली. खऱ्या-खोट्या दोन्ही नोंदी आत होत्या, क्रोहर्स्ट नव्हता. नॉक्स-जॉन्स्टनने आपले पाच हजार पौंडांचे बक्षीस त्याच्या कुटुंबाला दिले.

१३/ या घटनेतून ‘जुने चांगले, नवे वाईट’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. दोघांचे चार्जर बिघडले आणि दोघांनीही ते दुरुस्त केले. फरक असा, की वीज गेली तरी ‘सुहैली’ चालू शकत होती. तिच्या मालकाला वीज हवी होती, पण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला नव्हता. म्हणून त्याला वही उघडून शांतपणे पाने मोजता आली.

१४/ २०१८ मध्ये या शर्यतीची सुवर्णमहोत्सवी आवृत्ती जुन्याच साधनांनिशी झाली. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी त्यात ‘तुरिया’ घेऊन उतरले. ही ‘सुहैली’चीच प्रतिकृती होती आणि ती रत्नाकर दांडेकर यांच्या गोव्यातील कारखान्यात बांधली होती. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागरातील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या. जबर जखमी झालेल्या टॉमींना तीन दिवसांनी वाचवण्यात आले.

१५/ ‘सुहैली’च्या कप्तानाला १९९५ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. कुलाब्यातल्या ज्या सुतारांनी तिच्या फळ्या जोडल्या, त्यांना मात्र या कथेत सहसा ‘स्थानिक कारागीर’ एवढीच ओळख मिळते. ३१२ दिवस पाण्याचा मार खाऊन जी बोट घरी परतली, ती त्यांच्या वाकसांतून घडली होती. शर्यतीची गोष्ट सांगताना फाल्मथच्या आधी कुलाब्याचे नाव घ्यायला हवे.